त्याच दाराचा स्पीकर पुन्हा पुन्हा जातो? नवा घेण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. पुढच्या दारातला स्पीकर आधी ढोलाच्या थापेवर खरखरतो, मग आवाज जरा चढवला की फडफडतो, आणि एक दिवस त्या बाजूने नुसती किरकिर येते किंवा काहीच येत नाही. नवी जोडी बसते, काही महिने गाडी छान वाजते. पावसाळा संपता संपता, नवरात्राच्या आगेमागे, पुन्हा तेच दार आणि तीच खरखर. गिऱ्हाईक म्हणतं माल हलका निघाला, दुकानदार म्हणतो जास्त वॅटचा घ्या. जास्त वॅटचा येतो आणि तो आधीच्यापेक्षाही लवकर जातो.

मी बडोद्यात स्पीकर दुरुस्तीचं काम करतो. कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) बदलणं, कॉइल (त्याला मागून हलवणारं तारेचं वेटोळं) बदलणं, गाड्यांच्या दारांत नवे बसवून देणं, हेच रोजचं. या चक्रातून गाडी बाहेर काढायची असेल तर क्रम उलटा करावा लागतो. आधी जुना स्पीकर कशाने गेला ते शोधायचं, ते कारण दारातून किंवा स्टिरिओतून दूर करायचं, आणि मगच दुकानाची पायरी चढायची. पाण्याने गेलेल्या स्पीकरच्या जागी घ्यायचा माल वेगळा आणि कॉइल जळून गेलेल्याच्या जागी घ्यायचा वेगळा. पुष्कळदा तर स्पीकर गेलेलाच नसतो.

दोष स्पीकरचाच आहे ना?

स्टिरिओच्या सेटिंगमध्ये बॅलन्स आणि फेडर असतात. बॅलन्सने डावं-उजवं आणि फेडरने पुढचं-मागचं असे चारही कोपरे एकेक करून ऐका, बिघडलेलं दार लगेच सापडतं. मग गाणं चालू ठेवून ते दार हळूहळू उघडा आणि मिटा. आवाज तुटून परत येत असेल तर स्पीकर शाबूत आहे आणि दार व खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तार तुटली आहे. दार उघडताना-मिटताना ती तार दर वेळी वाकते. कालांतराने आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र तसंच राहतं, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. या एका तारेपायी चांगल्या जोड्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरा फसवा प्रकार डोअर पॅडचा, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाचा. पॅड दाराला प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेलं असतं आणि दोन-तीनदा उघडलं की क्लिपा सैल पडतात किंवा एखादी परत लावलीच जात नाही. गाणं चालू असताना पॅडवर तळहात दाबून धरा. खरखर थांबली तर स्पीकरला हात लावू नका, क्लिपा बदला. दाराच्या खणात नाणी, चाव्या पडलेल्या असतील तर त्याही आधी काढा.

तपासायला काय लावता यालाही महत्त्व आहे. बडोद्याचा मराठी माणूस हौसेने शास्त्रीय लावतो, पण तानपुऱ्यावर स्पीकर तपासू नये. जवारीचा झंकार आणि घासणाऱ्या कॉइलची करकर कानाला इतकी जवळची लागतात की चांगला स्पीकर सदोष वाटतो आणि सदोष असलेला खपून जातो. आपल्या दरबारचे उस्ताद फैयाज खाँ यांचं गाणं जीव लावून ऐकावं असंच आहे, पण ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली ती ध्वनिमुद्रणं या कामाला उपयोगाची नाहीत. त्यांत खालचे स्वर मुळातच थोडे उतरले आहेत आणि तबकडीची स्वतःची खरखर वर आहेच. त्यापेक्षा मोठ्या बासरीचा खालचा लांब सूर लावा. सूर इतका स्वच्छ असतो की त्यात काहीही घासलं तर वेगळं कळतं. किंवा मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घेऊन आवाज मध्यम ठेवा आणि ५० हर्ट्झपासून ३०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. एखाद्याच ठिकाणी झणझणलं तर पॅड, क्लिप किंवा सैल तार. सगळीकडे घासल्यासारखं आलं तर कॉइल.

पॅड काढल्यावर

गेल्या भाद्रपदात दांडिया बाजारातल्या मावसभावाने त्याची जुनी हॅचबॅक आणली. तक्रार वर लिहिली तीच. पॅड काढत होतो तेव्हा तो शेजारी उभा राहून विचारत होता, "दादा, खोक्यावर तीनशे वॅट छापलंय, माझा स्टिरिओ पन्नासचा. मग हा फाटतोच कसा?"

पॅड निघालं. आतली पारदर्शक प्लास्टिकची शीट मागच्या फिटिंगवाल्याने कटरने चौकोनी कापलेली होती आणि कापलेलं टोक लोंबत होतं. स्पीकर बाहेर काढला तर कागदी कोनाच्या खालच्या अर्ध्यात तपकिरी, लहरदार रेघ उमटलेली. पाणी तिथवर चढलं होतं, वाळलं होतं, पुन्हा चढलं होतं. मागच्या लोखंडी प्लेटवर गंजाचे पापुद्रे, बोट लावलं की सुटणारे. कोन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबला तर करकर आली. मग दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांत केबल टायचं टोक घातलं. गाडी दोन दिवस उन्हात उभी होती, तरी तिथून गढूळ पाणी बाहेर आलं आणि मागोमाग ओल्या मातीचा गोळा. त्या दाराशी स्टिरिओच्या वॅटचा काही संबंध नव्हता. तिथे हजार वॅटचा स्पीकरही असाच गंजला असता.

काढलेला स्पीकर टाकून देऊ नका, नीट पाहा. कोन लहरला आहे, प्लेट गंजली आहे, टर्मिनलवर हिरवट थर आहे, तर पाणी. कोन वरून नवा दिसतो, पण जळका वास येतो आणि ओम मोजणारा मल्टिमीटर काहीच दाखवत नाही, तर कॉइल जळली. ४ ओमच्या स्पीकरला मीटरवर ३.२ ते ३.८ च्या आसपास आकडा यायला हवा. आकडा बरोबर आहे, पण कोनाच्या कडेची गोल पट्टी, म्हणजे सराउंड, फाटली आहे किंवा मागची पिवळी नक्षीदार जाळी सुटली आहे, तर कोनाला त्याच्या बेताबाहेर हलवलं गेलं आहे. आणि आकडा बरोबर, कोन धड, गंज नाही, तरीही दाबल्यावर घासतंय, तर बसवतानाच काहीतरी चुकलं आहे. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण नव्या स्पीकरलाही तेच होऊ शकतं.

दारात पाणी येणारच

बऱ्याच जणांना वाटतं की गाडीचं दार पाणबंद असतं. तसं ते नसतं. काचेला लागून असलेली रबरपट्टी बहुतेक पाणी अडवते, सगळं नाही. उरलेलं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर जातं. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच दार केलेलं असतं. आतल्या पत्र्यावर काळ्या चिकट ब्यूटिलने शीट लावलेली असते, ती पाणी पॅडकडे आणि पायाशी येऊ देत नाही. स्पीकर त्या पत्र्याच्या भोकात बसतो, म्हणजे त्याची पाठ कायम ओल्या बाजूला असते. म्हणून कंपनीच्या पुष्कळ स्पीकरांच्या प्लास्टिक सांगाड्याला वरच्या बाजूने छपराची कड काढलेली असते. बाजारातल्या गोल, चकचकीत, पत्र्याच्या सांगाड्याच्या स्पीकरला ती नसते. कंपनीचा काढून हा लावला की पाण्याची धार थेट मॅग्नेटवर आणि कोनाच्या पाठीवर.

कॉइल आणि तिच्या भोवतीचं लोखंड यांत मिलिमीटरचा काही अंश एवढीच फट असते. तिथे गंज धरला की घासणं सुरू होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ दारात साचते, पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन भोकं बुजतात, आणि मग पाणी दारात उभं राहतं. जूनच्या आधी चारही दारांची भोकं केबल टायने मोकळी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

शीट फाटलेली असेल तर जाड प्लास्टिकची नवी कापून घ्या आणि ब्यूटिलच्या पट्टीने लावा. सेलोटेप उन्हात सुटते. शीटचा खालचा काठ पत्र्याच्या आत वळलेला हवा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटातच पडेल. स्पीकरच्या वर ब्यूटिल शीटचं किंवा पातळ प्लास्टिकचं अर्धगोल छप्पर करा. बाजारात फोमची पूर्ण वाटी मिळते, ती मी तशीच लावत नाही. वाटीत पाणी साठतं, आणि स्पीकरच्या पाठीमागची हवा कोंडून बासही कमी होतो. वाटीच वापरायची असेल तर तिचा खालचा अर्धा भाग कापून टाका.

खोक्यावरचे वॅट

मावसभावाचा प्रश्न वाजवी होता, आणि त्याचं उत्तर ज्यांची कॉइल जळते त्यांच्या कामाचं आहे.

स्टिरिओवर ५० वॅट गुणिले ४ छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. आतमध्ये व्होल्टेज वाढवण्याची सोय नसलेल्या साध्या स्टिरिओला यापलीकडे जाता येत नाही. १४.४ चा वर्ग करून ४ ओमने भागा, जवळपास ५२ येतात. छापलेले पन्नास इथून आलेले असतात. पण एवढे वॅट तेव्हाच निघतात जेव्हा आवाजाची लाट वरून आणि खालून पूर्ण कापली जाते, म्हणजे गाणं पार विकृत झालेलं असतं. स्वच्छ लाटेचा हिशोब याच्या निम्मा, २६ वॅट, आणि आतल्या सर्किटमधली घट धरली की हातात उरतात १८ ते २२. खात्री करायची असेल तर स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. तो १० अँपिअरचा असेल तर १४.४ ने गुणून आत जाणारेच १४४ वॅट होतात. त्यातून सतत २०० बाहेर कुठून येणार?

स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो तो क्षणभराचा कमाल आकडा. बाजूला बारीक अक्षरांत आरएमएस, म्हणजे सतत सोसायचा आकडा असतो, तेवढाच वाचा. तोही स्पीकर किती सोसू शकतो ते सांगतो, किती जोरात वाजेल ते नाही. जोरात वाजण्याचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये दिलेली. १ वॅट दिला आणि १ मीटरवरून मोजलं तर किती आवाज. ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट. ८६ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढा ९२ च्या स्पीकरला ५ वॅटमध्ये मिळतो.

आता 'जास्त वॅटचा' घेतल्यावर काय होतं बघा. जास्त सोसणारा स्पीकर बहुधा जड कोनाचा, कडक सस्पेन्शनचा (म्हणजे सराउंड आणि मागची जाळी कडक असलेला) असतो आणि त्याची सेन्सिटिव्हिटी पुष्कळदा कमी असते. वीस वॅटच्या स्टिरिओवर तो मंद वाजतो. माणूस आवाज चढवतो, बास चढवतो, लाउडनेस (बास आणखी फुगवणारी सेटिंग) लावतो. स्टिरिओची ताकद संपते, लाट कापली जायला लागते. कापलेल्या लाटेत सरासरी ताकद वाढते आणि वरच्या स्वरांचं प्रमाणही वाढतं, म्हणून आधी ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर जातो आणि मग मोठी कॉइल तापते. तीनशे वॅट छापलेला स्पीकर वीस वॅटच्या स्टिरिओवर जळतो तो असा.

गरब्याच्या दिवसांत याला आणखी एक कारण जोडलं जातं. मैदानाबाहेर गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, दारं उघडी टाकून गाणी लावली जातात. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे स्टिरिओची स्वच्छ ताकद जवळपास चौथाईने घटते. मोकळ्यावर आवाज कमी पडतो म्हणून तो आणखी चढवला जातो. नवरात्रानंतर माझ्याकडे जळलेल्या कॉइलचे स्पीकर येतात ते बहुतेक याच मार्गाने आलेले असतात.

मग घ्यायचा कोणता

स्टिरिओ कंपनीचाच आहे आणि वेगळा अँप्लिफायर लावायचा नाही, तर ९० डेसिबलच्या वरचा, ४ ओमचा, ४० ते ६० वॅट आरएमएसचा स्पीकर पुरेसा आहे. फक्त सेन्सिटिव्हिटी कशी मोजली ते खोक्यावर बघा. काही कंपन्या १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे तोच स्पीकर कागदावर ३ डेसिबलने चांगला दिसतो. दोन खोकी शेजारी ठेवताना एक पद्धत धरून तुलना करा.

कोन पॉलिप्रोपिलीनचा किंवा पाणी न पिणाऱ्या विणीचा घ्या आणि सराउंड रबराची. कागदी कोनाचा आवाज गोड असतो हे मला मान्य आहे, गळ्यावर तर विशेष. पण आपल्या दारांत साध्या कागदी कोनाची शिफारस मी करत नाही. फोमची सराउंडही नको. उन्हात तापलेल्या गाडीत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते.

मापाबद्दल बोलायचं तर साडेसहा इंची म्हणून सगळे स्पीकर एकसारखे नसतात. सांगाड्याचं भोक वेगळं, स्क्रूची जागा वेगळी आणि खोली तर फारच वेगळी. काच पूर्ण खाली करा आणि पत्र्याच्या तोंडापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेली खोली त्याहून किमान ५ मिलिमीटरने कमी हवी. पुढच्या बाजूलाही बघा. टू-वे स्पीकरचा, म्हणजे मोठा कोन आणि ट्विटर एकाच सांगाड्यात असलेल्याचा, ट्विटर पुढे आलेला असतो आणि पॅडच्या जाळीला टेकतो. मधोमध कणकेची छोटी गोळी चिकटवून पॅड बंद करा आणि परत उघडून गोळी किती दबली ते बघा, अंदाज बरोबर येतो.

आरशाजवळच्या तिकोन्यात किंवा डॅशबोर्डवर कंपनीचा ट्विटर असेल तर दारात आणखी ट्विटरवाला स्पीकर टाकू नका. वरचे स्वर दोन ठिकाणांहून येतात, कानाला टोचतात आणि स्टिरिओवरचा भारही वाढतो. अशा गाडीला कंपोनंट सेट बरोबर, दारात वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) आणि ट्विटर त्याच्या मूळ जागी. ट्विटरच्या तारेत एक छोटा कपॅसिटर असतो तो नव्या ट्विटरलाही हवाच, नाहीतर खालचे स्वर थेट त्यात जाऊन तो लगेच जळतो.

पैसे मर्यादित असतील तर पुढची जोडी चांगली घ्या आणि मागचे तसेच राहू द्या. ऐकणारा पुढे बसलेला असतो. वाचलेल्या पैशांत पुढच्या दोन दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावा. पत्रा थरथरायचा थांबला की त्याच स्पीकरचा बास भरीव होतो. शीट लावताना खालची भोकं बुजणार नाहीत एवढं पाहा.

तीन-वे, चार-वे या शब्दांवर जाऊ नका. एकाच गोल चकतीवर चार चिमुकले ट्विटर बसवल्याने आवाज सुधारत नाही.

कंपनीनेच नामांकित ऑडिओ सिस्टिम दिली असेल तर आधी मीटर लावा. त्यातल्या काहींत वेगळा अँप्लिफायर आणि २ ओमचे स्पीकर असतात. तिथे ४ ओमचा टाकला तर ते दार मंद वाजेल. उलट साध्या स्टिरिओवर २ ओमचा टाकला तर स्टिरिओ तापून मधूनच बंद पडायला लागेल. अशा गाडीला कंपनीचाच सुटा स्पीकर मिळत असेल तर तो घेणं शहाणपणाचं.

बसवताना

कंपनीचे स्पीकर पुष्कळदा रिव्हेटने बसवलेले असतात. रिव्हेट ड्रिलने काढली की लोखंडाचा बारीक कीस पडतो आणि नव्या स्पीकरचा मॅग्नेट तो ओढून घेतो. एक कण फटीत गेला की नवाकोरा स्पीकर पहिल्या दिवसापासून घासतो. म्हणून आधी ड्रिलचं सगळं काम संपवा, कीस ओल्या फडक्याने आणि जुन्या मॅग्नेटने उचलून घ्या, आणि मगच नवा स्पीकर खोक्यातून काढा.

स्पीकर आणि दाराचा पत्रा यांच्या मधली रिंग प्लास्टिकची घ्या. एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीची) रिंग ओल धरून फुगते, स्क्रू सुटतात, आणि पुन्हा खरखर. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी द्या. स्क्रू एकामागून एक गोल फिरत आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. एकच बाजू आधी ताणली तर पातळ सांगाडा पिळतो आणि कॉइल तिरकी होऊन घासते. वर म्हटलं ते 'बसवतानाच चुकलेलं' बहुतेक हेच असतं. स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा, करकर गेली तर कारण सापडलं.

तार कापू नका, गाडीच्या कपलरला जुळणारा जोड विकत मिळतो. उजव्या-डाव्यात अधिक-उणे उलटं झालं तर दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात, बास गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज समोरून न येता पसरट लागतो. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर तारांना लावा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला असेल तर कोन बाहेर येतो. दोन्ही दारांत एकसारखं घडलं पाहिजे. स्पीकरची उणे तार गाडीच्या पत्र्याला कधीही जोडू नका, हल्लीच्या स्टिरिओंत त्या तारेवरही सिग्नल असतो आणि स्टिरिओ जळू शकतो.

काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारात दाबाचा सेन्सर असतो. अशा दाराच्या पत्र्याला नवी भोकं पाडू नका आणि शीट पूर्ववत घट्ट लावा. पॅड बंद करण्याआधी काचेवरून पाच मिनिटं पाइपने पाणी सोडा आणि शीटच्या कडेने आत थेंब येतोय का ते बॅटरीच्या उजेडात बघा.

स्टिरिओची सेटिंग

नवा स्पीकर वाचवणारी सेटिंग बऱ्याच स्टिरिओंत असते आणि फार थोडे लोक ती वापरतात. तिचं नाव हाय पास फिल्टर, थोडक्यात एचपीएफ. ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचे स्वर तो स्पीकरकडे जाऊ देत नाही. तो ८० हर्ट्झवर लावा. तेवढाच आवाज निम्म्या हर्ट्झवर काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. दारातला साडेसहा इंची स्पीकर ४० हर्ट्झवर नुसता हेलकावतो, ऐकू फारसं काही येत नाही आणि सराउंड फाटते ती इथेच. ज्यांचा स्पीकर सराउंड फाटून गेला आहे त्यांच्यासाठी हा फिल्टर सगळ्यात महत्त्वाचा. स्टिरिओत तो नसेल तर बास शून्यावर आणि लाउडनेस बंद ठेवा. बासचं बटण ६ डेसिबलने वर केलं म्हणजे त्या स्वरांना चौपट वॅट मागितले, १० डेसिबलने वर केलं म्हणजे दहापट. वीस वॅटच्या स्टिरिओकडे ते नसतात.

इंजिन चालू ठेवून, सगळं शून्यावर ठेवून, ओळखीचं स्वच्छ गाणं लावा आणि आवाज चढवत जा. गाणाऱ्याच्या आवाजाला ज्या आकड्यावर धार चढल्यासारखं वाटेल तिथून दोन-तीन खाली या. तो तुमच्या गाडीचा वरचा टप्पा. घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला तो आकडा सांगून ठेवा. तेवढ्या आवाजाने समाधान होत नसेल तर स्पीकर बदलत बसण्यापेक्षा ५० वॅट आरएमएसचा चार चॅनलचा अँप्लिफायर लावा. तीच जोडी मोकळी वाजेल आणि टिकेलही.

पुरात बुडालेली गाडी

२०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या दाराच्या वरपर्यंत बुडाल्या होत्या. अशा गाडीचे स्पीकर वाळवून वाजत असले तरी ठेवू नका. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ फटीत बसलेला असतो आणि वाळल्यावर कॉइलवरचा लेप खरवडतो. दारातला कपलर उघडून हिरवी पडलेली टर्मिनल बदला आणि खांबाजवळच्या रबरी नळीत पाणी अडकलंय का ते पाहा. डॅम्पिंग शीटच्या मागे गाळ साचला असेल तर ती उकलून पत्रा धुवून घ्या, नाहीतर दार आतून गंजतं. विम्याचं म्हणाल तर बाहेरून बसवलेले स्पीकर, स्टिरिओ आणि अँप्लिफायर पॉलिसीत वेगळे लिहिलेले असतील आणि त्यांचा जादा हप्ता भरलेला असेल तरच त्यांची भरपाई मिळते. बिल जपून ठेवा आणि पॉलिसीच्या पुढच्या नूतनीकरणाला ते लिहवून घ्या.